बिऱ्हाडाच्या गाडीतले एलईडी

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, आमचं चार चाकांवर होतं. आमच्या ह्यांनी बेकरीचा एक जुना, बंद बॉडीचा टेम्पो विकत घेऊन दारात आणून उभा केला, तेव्हा सोसायटीतल्या सगळ्यांना वाटलं, नोकरी गेली म्हणून हे आता पावाचा धंदा करणार. मलाही घटकाभर तसंच वाटलं आणि बरंही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी हे करवत घेऊन टेम्पोच्या पत्र्याला खिडक्या पाडायला बसले, तेव्हा मी कपाळाला हात लावला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ह्यांची उमेदीची सगळी वर्षं नाशिकच्या अंबडमधल्या एका फाउंड्रीत गेली होती. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यांत ओतायचं तिथलं काम. हे तिथे इलेक्ट्रिशियन. फाउंड्रीला टाळं लागलं आणि आमच्या वयाची बरीच माणसं एकदम घरी बसली. कुणी रिक्षा घेतली, कुणी रसवंती टाकली, कुणी देवधर्माला लागलं. ह्यांनी गाडीत घर बांधायला घेतलं. खिडकीला लागून फळ्यांचा पलंग, पलंगाखाली भांड्यांची पेटी, कोपऱ्यात स्टोव्ह, दाराशी नळ लावलेलं पाण्याचं पिंप. आम्हाला मूलबाळ नव्हतं. शेजारणी माझ्या तोंडावर "हौसेला मोल नसतं" म्हणायच्या, आणि पाठीमागे काय म्हणायच्या ते मला जिन्यातून ऐकू यायचं.

मी भांडले, चांगली कडाकडा भांडले. मग पहिल्यांदा त्या गाडीतून हरसूलच्या बाजूला गेलो, डोंगरात एका ओढ्याकाठी मुक्काम केला. सकाळी पलंगावर बसल्या बसल्या दार उघडून चहा प्यायलो. समोर नुसतं धुकं आणि कुणाच्या तरी गाईच्या गळ्यातली घंटा. माझं भांडण तिथेच राहून गेलं. हे मी ह्यांना कधी कबूल केलं नाही. बायकोने सगळंच कबूल केलं की नवऱ्याला शिंगं फुटतात.

गाडीत तीन पिवळे बल्ब होते. मोडीत निघालेल्या एका बसचे दिवे ह्यांनी भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून काचेच्या वाट्यांसकट उचलून आणले होते. बॅटऱ्या दोन. एक इंजिनाची आणि एक घराची, म्हणजे दिवे, छोटा पंखा आणि रेडिओ यांच्यासाठी. ते बल्ब उजेड कमी आणि ऊब जास्त द्यायचे, पण बॅटरी बकाबका खायचे. बॅटरीत किती दम उरलाय हे दाखवणारा काटा खरं तर गाडीत हवा होता. इलेक्ट्रिशियनच्या गाडीत तो नव्हता. का, तर मी होते.

त्याचं असं, की दिवेलागणीला मी त्या बल्बखाली भाजी निवडायला बसायची. बॅटरी उतरायला लागली की उजेड आधी मळकट आणि मग तांबूस व्हायचा. कोथिंबिरीतलं गवत दिसेनासं झालं की मी म्हणायची, "अहो, लाइट बसायला लागली." हे उठून पुढे जायचे आणि इंजिन चालू करायचे. थोडा वेळ ते धडधडलं की बॅटरी भरायची, उजेड पुन्हा खुलायचा. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, बॅटरी उतरलेली कळते कशी, तर हे माझ्याकडे बोट दाखवायचे. "हे काय, आमचं मीटर बसलंय भाजी निवडत." मला विजेतलं ओ की ठो कळत नाही, पण इतक्या वर्षांत हे मीटर एकदाही चुकलं नाही. आणि ह्यांनीही कधी दुसरीकडे पाहिलं नाही. मी बोलले की उठायचं, मी गप्प असले की सगळं ठीक.

मग ह्यांचा खोकला वाढला. खोकला फाउंड्रीतूनच बरोबर आणलेला, पण आता जिन्याच्या अर्ध्यावर थांबायला लागले. डॉक्टर आधी दमा म्हणाले, नंतर छातीचा फोटो काढून म्हणाले, फुप्फुसांत वाळूची धूळ बसलीय. ती काढता येत नाही. घरी वाफेचं मशीन आलं. बटण दाबलं की घर्र करणारा एक डबा, त्याला नळी, नळीच्या टोकाला मास्क. औषधाची वाफ आत गेली की श्वासाची वाट मोकळी व्हायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, अटॅक आला तर मशीन लगेच लागलं पाहिजे, उशीर झाला तर तो आवरणार नाही.

मी त्याच दिवशी मनातल्या मनात गाडी विकून टाकली. हे म्हणाले, मशीन गाडीत घेऊ.

"अहो, जिवापेक्षा गाडी जास्त झाली का?"

"अगं, घरात बसून राखलेल्या जिवाचं करू काय? खिडकीतून बघत बसू, कुणी कुठे स्कूटर लावली ते?"

चार भिंतींत ह्यांचं तोंड कसं होतं ते मी रोज बघत होते. मी फक्त एवढंच म्हणाले, की गाडीत मशीन चाललंच पाहिजे, कुठल्याही वेळी, मगच मी येईन. ह्यांनी मान हलवली.

बॅटरीवर मशीन चालवायला इन्व्हर्टर बसवला. पण मशीन लावलं की बल्ब मान टाकायचे आणि बल्ब चालू ठेवले की मशीनला जोर राहायचा नाही. म्हणून दिवे बदलायचे ठरलं. त्या सुमारास महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांतून पांढरे एलईडी सुटे मिळायला लागले होते, मोहरीपेक्षा थोडे मोठे. हे पिशवी भरून घेऊन आले आणि जेवायच्या टेबलावर सोल्डरिंगचं सामान मांडून बसले. त्या धुराने पुन्हा खोकला. मी ओरडले की गॅलरीत जाऊन बसायचे. काचेच्या वाट्या तशाच ठेवल्या, आतले बल्ब काढले आणि त्या जागी एलईडीच्या पट्ट्या बसवल्या. खूप वर्षांनी मी ह्यांना कामावर असल्यासारखं पाहिलं. शर्टाच्या खिशात टेस्टर, कानामागे पेन्सिल.

पहिल्यांदा लाइट लावली तेव्हा मला अजिबात आवडली नाही. पांढरीफटक. ह्यांचा चेहरा त्यात राखेच्या रंगाचा दिसला. "दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय," मी म्हणाले. ह्यांना त्याचं काही नव्हतं. "दहावा हिस्सा करंट, दहावा! आणि गंमत बघ." त्यांनी आत एक छोटं सर्किट घातलं होतं. त्यामुळे बॅटरी कितीही उतरली तरी उजेड हलणार नव्हता, अगदी शेवटपर्यंत तसाच राहणार होता. हे त्यांना इतकं आवडलं होतं, की सोसायटीतल्या चार जणांना बोलावून त्यांनी ते दाखवलं. "आता आमच्या मीटरला पेन्शन," म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

मग एवढ्याशा लाइटला वेगळी बॅटरी हवी कशाला, म्हणून ह्यांनी घराची बॅटरी काढून टाकली. जुनी झालीच होती. आता दिवे, पंखा, रेडिओ, मशीन, सगळं इंजिनाच्या एकाच बॅटरीवर. मी काट्याचं विचारलं, खरंच विचारलं. "लावू की, पुढच्या फेरीच्या आधी लावू," म्हणाले. शहाणा माणूस होता, फाउंड्रीतल्या मोटारी नुसत्या आवाजावरून ओळखायचा. पण आपल्या हातच्या कामावर एकदा जीव जडला, की शहाण्या माणसालाही त्यातलं भोक दिसत नाही.

थंडीत आम्ही घोटीच्या पुढे गेलो, धरणाच्या पाण्याकाठी. भात कापून झालं होतं. बांधाबांधांनी पसरलेली कोरडी खाचरं, मधून पाण्यापर्यंत उतरणारी गाडीवाट. जवळची वाडी एका टेकडीच्या आड होती. ह्यांना तिथे बरं वाटलं. रंगही जरा आला. एका दिवसासाठी गेलो होतो, दुसऱ्या दिवशीही राहिलो. सकाळ-संध्याकाळ ठरल्याप्रमाणे मशीन घेत होते, रेडिओ चालू, अंधार पडला की तिन्ही दिवे लख्ख. इंजिन मात्र आल्यापासून एकदाही चालू केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी त्या पांढऱ्या उजेडात कोथिंबीर निवडत होते. काडी न काडी दिसत होती. मला काही खटकलं नाही, म्हणून मी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणून हे उठले नाहीत. उजेड ठीक तर बॅटरी ठीक, हे दोघांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की ते खोटं पाडणारी वस्तू ह्यांनी स्वतःच घडवलीय हे स्वतः ह्यांच्याही लक्षात राहिलं नाही. माझा राग आहे तो इथे आहे. सर्किट तुमचं, सवय तुमची, आणि विसरलातही तुम्हीच.

भात शिजत होता. खोकला सुरू झाला आणि थांबेना. खिशातला दम्याचा पंप ओढला, त्याने काही झालं नाही. मी मशीनमध्ये औषध घातलं, मास्क बांधला, बटण दाबलं. मशीन घर्र करून दोन श्वासांपुरतं चाललं आणि बंद पडलं. इन्व्हर्टर बारीक आवाजात केकाटून गप्प झाला. मला वाटलं मशीन बिघडलं, मी त्याला थापडा मारल्या. लाइट डोक्यावर जशीच्या तशी होती, स्वच्छ, पांढरी. ह्यांनी मान वर करून लाइटकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघून मलाही कळलं.

मी पुढे जाऊन चावी फिरवली. नुसतं टक् टक् झालं. मोबाइलला रेंज नव्हती. इतकी जड गाडी माझ्याच्याने एकटीने हलणार नव्हती. हे पलंगावर खिडकीशी पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली होत होते. "मी माणसं घेऊन येते, धक्का मारला की इंजिन चालू होईल," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. हो म्हणत होते की जाऊ नको म्हणत होते, ते मला आजही ठरवता येत नाही. मी गेले.

बांधावरून धावताना मी एकदा मागे बघितलं. त्या सगळ्या काळोखात तेवढी एक पांढरी खिडकी दिसत होती. चला, येताना वाट चुकणार नाही, एवढा विचार केल्याचं मला पक्कं आठवतं.

वाडीवर पहिल्याच घरात माणसं जेवायला बसली होती. मी काय बोलले कुणास ठाऊक. एक वयस्कर शेतकरी भरल्या हातानेच उठला. "चला ताई. ए, उठा रे, जेवण मागून." त्याचे दोघे भाऊ उठले, एकाने टॉर्च घेतला. टेकडी चढून आम्ही वर आलो आणि मी समोर हात केला. समोर काहीच नव्हतं.

"कुठं हाय गाडी?"

"पांढरी लाइट दिसेल बघा, पाण्याकडे."

"लाइट तर कुठंच दिसत नाय, ताई."

पाण्याकडे उतरणाऱ्या गाडीवाटा दोन निघाल्या. बांध सगळे सारखे. आम्ही आधी चुकीच्या वाटेने अगदी पाण्यापर्यंत गेलो, मग खाचरांतून आडवे. धसकटं पायांत घुसत होती. मी "अहो! अहो!" अशा हाका मारत होते. ओ आली नाही. किती वेळ गेला ते मी कधी मोजलं नाही आणि मोजायचंही नाही. शेवटी टॉर्चचा उजेड गाडीच्या मागच्या लाल काचेवर चमकला.

हे खिडकीला डोकं टेकून बसले होते. मास्क मांडीवर पडला होता. डोक्यावरचं तिन्ही दिव्यांचं बटण बंद होतं. त्या माणसांना काही माहीत नव्हतं, ती सरळ गाडीला खांदे लावायला गेली. मी पुढे बसून त्यांनी सांगितलं तसं केलं. ह्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं होतं. गाडी उतारावर घरंगळली, तिने दचके खाल्ले आणि इंजिन लागलं. "झाली चालू!" मागून कुणीतरी आनंदाने ओरडलं. त्याबरोबर आत अंधारात मशीनही आपोआप घर्र करायला लागलं, त्याचं बटण मी चालूच सोडलं होतं. मी मागे गेले, मास्क ह्यांच्या तोंडाला लावला आणि धरून बसले. वाफ येत होती. तो वयस्कर माणूस दारात येऊन उभा राहिला. टॉर्च त्याने खाली धरला होता.

"ताई, राहू द्या आता," तो म्हणाला. मी मास्क सोडला नाही.

त्याच्याच एका भावाने गाडी आधी घोटीच्या दवाखान्यात आणि मग नाशिकपर्यंत आणली. सबंध रस्ताभर इंजिन चालू होतं. बॅटरी गच्च भरली असणार. तेवढंच तर हवं होतं, थोडा वेळ इंजिन.

जिथे जीव जातो तिथे दहा दिवस दिवा ठेवायचा, ही आमची रीत. ह्यांचा जीव गाडीत गेला होता. मालेगावहून माझे दीर आले होते, क्रियाकर्म त्यांच्याकडे होतं. ते समई घेऊन गाडीत ठेवायला निघाले तर सोसायटीचे चेअरमन खाली येऊन हात जोडून उभे राहिले. गाडीत डिझेल आहे, रॉकेल आहे, वर माणसं राहतात, उघडी ज्योत नको. दिराने मला विचारलं, "वहिनी, आत लाइट आहे ना, तीच चालू ठेवू. भावना महत्त्वाची." माझ्यात वाद घालायची ताकद नव्हती. तर ह्यांच्या नावाने ह्यांचाच एलईडी लागला. रात्रंदिवस तसाच पांढरा, जरासुद्धा न हलता. तो दिसू नये म्हणून मी गॅलरीचं दार लावून घ्यायची.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस तेच विचारायचा, त्यांनी लाइट का बंद केली असेल? दीर म्हणाले, मशीनसाठी बॅटरी वाचवायला. मी म्हणाले, भाऊजी, त्या लाइटला काही लागतच नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? "घाबरल्यावर माणसाला कुठे आठवतं, वहिनी." कुणी म्हणालं, शेवटी उजेड सोसत नाही. मला काहीच पटत नव्हतं. मला नुसता राग येत होता. लाइट चालू असती तर आम्ही सरळ जाऊन पोचलो असतो. अंधार करून बसले. मी माघारी येतेय हे माहीत असून अंधार करून बसले. अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्यांच्याशी भांडायची, आणि आयुष्यात पहिल्यांदा पलीकडून उत्तर येत नव्हतं.

त्या दहा दिवसांतलीच एक संध्याकाळ. दीर घरी जमलेल्यांसाठी जेवणाचे डबे आणायला गेले होते. मी खाली उतरले आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच गाडीत चढले. पलंगावर हे बसले होते त्याच जागी बसले. दीर आले का बघावं म्हणून खिडकीकडे वळले, तर काचेत फक्त माझं तोंड. मोकळं कपाळ, सुजलेले डोळे, मागे तो पांढरा उजेड. बाहेरचं काही दिसेना. काचेला नाक लावलं तरी दिसेना. म्हणून, काही विचार न करता, मी हात वर केला आणि लाइट बंद केली.

काचेतलं माझं तोंड गेलं आणि बाहेरचं सगळं दिसायला लागलं. सोसायटीचं फाटक, ओळीने लावलेल्या स्कूटर, बाकावर बसलेली दोन म्हातारी माणसं, फाटकाच्याही पलीकडचा रस्ता. दोन्ही हातांत डबे घेऊन येणारे दीर मला कोपऱ्यावरच दिसले.

त्यांनी बॅटरीसाठी लाइट बंद केली नव्हती. मी येतेय का ते बघायला बंद केली होती. टेकडीवर आमचा टॉर्च आलेला त्यांना दिसला असणार, आणि दुसऱ्याच वाटेने खाली उतरतानाही दिसला असणार. लाइट परत लावावी एवढं भान तोवर राहिलं नसेल, नाहीतर हात वर गेला नसेल. माझ्या हाका ऐकू आल्या असतील. ओ द्यायला श्वास नव्हता.

गाडीतला दिवा गेलेला बघून दीर डबे खाली ठेवून धावत आले. दाराशी येऊन अंधारात डोळे ताणून बघायला लागले. "वहिनी? वहिनी, आत आहात का?" मला त्यांचा चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता, घाबरलेला. मला ओ देता येईना.